कोथिंबीर योक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बक्काल आहे. बक्काल म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. बाहेर फळांची खोकी, दारात पाण्याचे मोठे कॅन, आत काउंटरवर एक गलेलठ्ठ मांजर झोपलेली असते आणि तिला न उठवता बाजूनं हात घालून सामान घ्यायचं हा तिथला अलिखित नियम. इस्तंबूलला येऊन फार दिवस झाले नव्हते, कादिकोयमधलं घर नुकतंच लागलं होतं, आणि त्या दिवशी पोहे केले होते (मिरजेहून आणलेले, जपून वापरायचे). वरून भुरभुरायला कोथिंबीर हवी म्हणून फोनवर शब्द शोधला, किश्निश, जिना उतरता उतरता पाठ केला आणि दुकानात जाऊन विचारलं, "किश्निश वार मी?" म्हणजे कोथिंबीर आहे का. दुकानदाराने टीव्हीवरची नजर काही हलवली नाही. फक्त भुवया वर गेल्या, हनुवटी किंचित मागे, जिभेचा टाळूला एक 'च्क', आणि मग बहुतेक ही बाई परदेशी आहे हे लक्षात आल्यावर माझ्या सोयीसाठी तोंडानेही, "योक, आब्ला."

आब्ला म्हणजे ताई. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, त्यामुळे कानावर पडलं ते थेट 'अबला', आणि एवढ्याशा कोथिंबिरीवरून हा मला अबला का म्हणाला हे कोडं घेऊन मी घरी आले. पण खरं डाचत राहिलं ते वेगळंच. कोथिंबीर नव्हती याचं काही नाही, इथे ती सहसा मिळतच नाही हे पुढे कळलं, इथले लोक सगळ्यावर पार्स्ली घालतात, मायदानोझ, तिच्या जुड्या आपल्याकडच्या मेथीसारख्या ढिगाने असतात. डाचलं ते त्या माणसाचं निवांतपण. आपल्याकडची भाजीवाली म्हणाली असती, "आत्ताच शेवटची जुडी गेली बघा ताई", किंवा "उद्या येईल, ठेवते तुमच्यासाठी", किंवा गेला बाजार "पावसानं सगळी सडली हो". काहीतरी म्हणाली असती. वस्तू नाही म्हटल्यावर त्या नसण्याभोवती दोन शब्द गुंडाळून द्यायचे ही साधी रीत. (पुण्याच्या वाचकांनी आत्ता मनात जे म्हटलं ते मान्य आहे, पण पुण्यातल्या 'नाही'लासुद्धा एक चव असते, त्यात तुमची लायकी काढलेली असते, म्हणजे तुमची दखल तरी घेतलेली असते.) ह्याच्या योकमध्ये ना दिलगिरी ना माज. नव्हती, म्हणून नाही म्हणाला.

मी ज्या घरात वाढले तिथे नाही म्हणायला बंदी होती. मिरजेचं जुनं घर, स्वयंपाकघरात फळीवर पितळी डबे, आणि आजीचा कायदा असा की तांदळाच्या डब्यात हात घातल्यावर तळ लागला तरी 'तांदूळ नाहीत' असं तोंडातून काढायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. 'तांदूळ भरायला झालेत' म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवायचा नाही. घरातून निघताना 'जाते' म्हटलं तर आजी परत बोलावून 'येते' म्हणायला लावायची, रिक्षावाला बाहेर हॉर्न मारत असला तरी. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम 'साखर नाही, साखर नाही' असं ओरडत स्वयंपाकघरातून पळायचो आणि ती हातातली पळी घेऊन मागे लागायची. गंमत होती, पण आत कुठेतरी ते बसलंच. अजूनही सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की तिकडे डाळी मिळतात ना, तर माझ्या तोंडून 'हो हो, सगळं मिळतं' असंच येतं. सगळं मिळत नाही.

मग तुर्की शिकायला लागले. इथे सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रं असतात, हाल्क एइतिम म्हणतात, शिवणकामापासून साझ वाजवण्यापर्यंत सगळे वर्ग, त्यात परदेशी लोकांसाठी तुर्कीचाही. उंच छताची खोली, रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे, भिंतीवर अतातुर्कचा फोटो, आणि आमच्या शिक्षिका, ज्यांना सगळ्यांनी होजाम म्हणायचं, चष्म्याला साखळी. अगदी सुरुवातीच्या धड्यांतच वार आणि योक आले. क्रियापदं नंतर, काळ नंतर, आधी हे दोन. टेबलावर पुस्तक आहे, मासादा किताप वार. खोलीत दिवा नाही, ओदादा लाम्बा योक. आता किताप काय नि लाम्बा काय, मराठी माणसाला धडा अर्धा फुकटातच मिळतो. दुकान म्हणजे द्युक्क्यान, हिशोब म्हणजे हेसाप, साबण म्हणजे साबुन, दोस्त तो दोस्तच. वस्तूच्या नावाला दा किंवा दे जोडलं की 'च्या आत, च्या वर' झालं, शेवटी वार नाहीतर योक, वाक्य तयार. कर्ता पुरुष आहे की बाई, एक आहे की दहा, याची वारला फिकीर नाही, आपल्यासारखं आहे-आहेत करावं लागत नाही. प्रश्न विचारायचा तर वार मी, योक मू. 'मी' मी लिहितेय खरं पण तो स्वर आपल्याकडे नाहीच, ओठ ईचे ठेवायचे आणि जीभ मागे न्यायची, माझा अजून नीट येत नाही. आणि वारमधला शेवटचा र इथले लोक असा काही सोडतात की तो वारश् ऐकू येतो, सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखा. सुरुवातीला मला वाटायचं आमचा दुकानदार तोतरा आहे. मग टॅक्सीवालाही तसाच, बँकेतली मुलगीही तशीच.

एवढ्या दोन शब्दांवर माणूस बऱ्यापैकी जगू शकतो हे खरं सांगते. बसमध्ये जागा वार मी. औषध वार मी. सुटे वार मी, बोझुक वार मी, हा तर प्रश्न दिवसातून कितीदा. फेरीच्या धक्क्यावर चहावाला फिरतो, त्याच्याकडे बोट केलं की वार मी म्हणायचीही गरज नाही. पहिले काही महिने मी ह्या शहरात क्रियापदाशिवाय वावरले, काही करत नव्हते, फक्त काय आहे आणि काय नाही याची चौकशी करत होते.

वर्गात एक मजेशीर फूट पडली. तुर्कीत 'माझ्यापाशी असणे' याला इंग्रजीसारखं स्वतंत्र क्रियापद नाही. दोन भाऊ 'बाळगता' येत नाहीत, 'माझे दोन भाऊ' असं म्हणायचं आणि पुढे वार. इकी कार्देशिम वार. पैसे योक, वेळ योक, सगळं असंच, नामाला 'माझं' चिकटवायचं आणि ते आहे की नाही ते सांगून मोकळं व्हायचं. आता हे ऐकून वर्गातला स्पॅनिश मुलगा हैराण, इराणी बाई पण हैराण कारण फारसीतही ते क्रियापद आहे म्हणे, आणि आम्ही, म्हणजे मी, रशियन नवरा-बायको आणि सीरियाच्या मुली, आम्ही एकमेकांकडे बघतोय की यात अवघड काय आहे. रशियनमध्येही तसंच, अरबीतही 'माझ्याकडे' म्हणूनच चालतं, आणि मराठीचं तर बोलायलाच नको. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे पैसे आहेत. उलट आपण जास्त बारीक काततो, भावांना 'मला', पैशांना 'माझ्याकडे', धीराला 'माझ्यात'. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर ते विकायला काढलेत असं वाटतं. तुर्की हा भेद करत नाही, भाऊ काय नि मोटार काय, माझं असेल तर वार. फक्त आत्ता खिशात, हातात, जवळ आहे असं म्हणायचं असलं की बेन्दे वार, माझ्यापाशी आहे. म्हणजे बँकेत पैसे आहेत पण रिक्षावाल्याला द्यायला नाहीत, ती अवस्था. रिक्षा इथे नाहीत, पण ती अवस्था आहे.

आपली गाडी अडते ती देयिलपाशी. तुर्कीत 'नाही' दोन आहेत. हा चहा नाही, कॉफी आहे, इथे देयिल. चहा नाही, संपला, इथे योक. आपण दोन्हीकडे नाही म्हणून मोकळे. मी बराच वेळ यावर डोकं घालत बसले होते आणि एकदम आठवलं की आजीकडे हे दोन वेगळे होते! 'ह्यो काय त्यो नव्हं' असं मिरज-सांगलीकडे आजही म्हणतात, पुस्तकी मराठीत नव्हे म्हणतात, शहरी बोलण्यातून ते जवळपास गेलंय आणि त्याच्या जागी सगळीकडे नाही पसरलंय. कोकणीत तर न्हय आणि ना अजून ठणठणीत वेगळे. गोव्याच्या माणसाला हा धडा शिकवायचीच गरज नाही. 'एव्दे योक' आणि 'एव्दे देयिल' दोन्ही म्हणता येतं, दोन्हीचा अर्थ घरी नाही, पण देयिल म्हटलं की पुढचं वाक्य ऐकायला कान टवकारतात, घरी नाही तर मग कुठे, ऑफिसात, बाजारात. योक म्हटलं की पुढे काही यायलाच हवं असं नाही.

तर घराच्या धड्यानंतर कुटुंबाचा धडा. जोड्या पाडल्या, एकमेकांना विचारायचं, आई वार मी, वडील वार मी, भावंडं वार मी. माझ्या जोडीला हलबची, म्हणजे अलेप्पोची, एक मुलगी होती, शिवणकाम करते, बोटांना कायम खडूची पावडर. तिनं मला विचारलं, बाबान वार मी. साधा पाठ्यपुस्तकातला प्रश्न. बाबा जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मराठीत मी हे आतापर्यंत अनेकांना सांगितलं होतं, 'बाबा गेले', गाडीला जावं तसं, आणि ऐकणाराही 'अरेरे, कधी' असं विचारतो, म्हणजे त्या जाण्याला तारीख असते, पुढे दवाखाना असतो, काय झालं होतं ते असतं, बोलायला पुष्कळ असतं. आपल्याकडे प्रश्नही किती जपून विचारतात बघा, 'वडील असतात ना?' असतात. जणू अधूनमधून. आणि इथे माझ्याकडे शब्द दोनच. गेले म्हणता येत नव्हतं, भूतकाळ पुढच्या महिन्यात होता. त्यात माझ्या मराठी कानाचा आणखी एक घोळ, बाबाम वार म्हटलं की मला ऐकू येतं 'बाबा वारले'. म्हणजे हो म्हणावं तर बाबा वारले, आणि नाही म्हणावं तर... मी म्हटलं, बाबाम योक.

तिनं वहीत लिहून घेतलं. बाबासी योक. पुढचा प्रश्न.

मला वाईट वाटलं का? सांगता येत नाही. एक प्रकारचं हलकंही वाटलं, जड बॅग सरळ जमिनीवर ठेवली की वाटतं तसं. आणि लगेच रागही आला, भाषेचा, की हिच्यात एवढंच का. (एवढंच नाही हे पुढे कळलं. तुर्की लोकही मेलेल्या माणसाबद्दल असं ठोकून योक सहसा म्हणत नाहीत, वेफात एत्ती म्हणतात, नाव घेताना आधी राहमेत्ली लावतात, आपल्या कैलासवासीसारखं, आणि समोरचा म्हणतो बाशनझ सा ओल्सुन, तुमचं मस्तक सलामत राहो. म्हणजे आजीचा कायदा इथेही आहे, फक्त तो किराणामालाला लागू नाही.)

मग माझी पाळी. कार्देशिन वार मी. तिनं बोटांवर मोजलं. दोन बहिणी, वार. मोठा भाऊ, आबीम वार. पुस्तकात पुढचा प्रश्न छापलेलाच होता, नेरेदे, कुठे आहे. ती म्हणाली, योक. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही, मी परत विचारलं, नेरेदे. ती परत म्हणाली, वार, आमा योक. आहे, पण नाही. होजाम आमच्या मागेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, फळ्यावर जाऊन एक शब्द लिहिला, कायप, आणि तिच्याकडे बघून मान हलवली, हा का? मला तो शब्द कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आपला गायब. तिलाही पडली नाही, तिच्या शाळेत हजेरी घेताना न आलेल्या मुलाला तोच शब्द असायचा, गाइब. इथे हजेरीला योकलामा म्हणतात, त्यातही योक आहेच. आलेल्यांची नव्हे तर न आलेल्यांची नोंद असा तिचा सूर. रोज वर्ग सुरू होताना होजाम नावं वाचतात आणि एखाद्याचा आवाज आला नाही की बाकीचे ओरडतात, योक होजाम!

इस्तिकलाल रस्त्यावर, त्या जुन्या लाल ट्रामच्या रुळांच्या कडेला गालातासाराय चौक आहे. मे १९९५ पासून, १९९९ ते २००९ चा खंड सोडला तर, तिथे दर शनिवारी दुपारी काही बायका येऊन बसायच्या, हातात मुलाचा, नवऱ्याचा, भावाचा फोटो आणि एक लाल कार्नेशन. शनिवारच्या आया म्हणतात त्यांना. विशेषतः ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांना पोलिसांनी किंवा लष्कराने उचलून नेलं आणि जे परत दिसलेच नाहीत, त्यांच्या ह्या घरच्या. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्या ७००व्या शनिवारी पोलिसांनी त्यांना पांगवलं, मग वर्षानुवर्षं त्या चौकाभोवती लोखंडी बॅरिकेड्स. मी पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा एवढ्या गर्दीच्या रस्त्यात मधोमध हा रिकामा, कुंपण घातलेला तुकडा कशासाठी हे मला समजेना, आईस्क्रीमवाले घंटा वाजवतायत, लोक सेल्फी काढतायत आणि मध्ये काहीच नाही, काहीच नाहीला पहारा. माणूस ताब्यात आहे हे कुणी मान्यच केलं नाही तर घरच्यांनी काय म्हणायचं? वार म्हणायला माणूस नाही. योक म्हणायला मढं नाही, कबर नाही, दिवस घालायला तारीख नाही. त्या चौकाबद्दल वाचल्यानंतर मला आमच्या दुकानदाराच्या योकचा जरा आदर वाटायला लागला. स्वच्छ योक मिळणं ही सुद्धा सगळ्यांच्या नशिबात असलेली गोष्ट नाही.

आणि वार मी? हा प्रश्न मी कोथिंबिरीसाठी शिकले, पण इथल्या माणसाला तो झोपेतही वेगळ्या कारणासाठी आठवतो. १७ ऑगस्ट १९९९, पहाटे ३ वाजून २ मिनिटं, गोल्जुक-इझमितचा भूकंप. अधिकृत आकडाच १७,००० च्या वर. तेव्हापासून ढिगाऱ्यावर उभं राहून मारायची एक हाक या देशात सगळ्यांना पाठ आहे: सेसिमी दुयान वार मी? माझा आवाज ऐकणारं कुणी आहे का? ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४:१७ ला पुन्हा, या वेळी दक्षिणेत, काहरामानमाराशला, ७.८, आणि त्याच दुपारी ७.५ चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात ५३,००० वर माणसं गेली. मी तेव्हा इथे नव्हते, मिरजेत टीव्हीवर बघितलं. आपल्या एनडीआरएफची पथकं गेली होती, इस्केन्देरूनला आपल्या लष्कराने हॉस्पिटल उभारलं होतं, मोहिमेचं नाव ऑपरेशन दोस्त, दोन्हीकडे कळणारा शब्द. बातम्यांत एक गोष्ट परत परत दिसायची आणि मला तेव्हा तिचा अर्थ लागत नव्हता. बुलडोझर, जनरेटर, माणसांचा आरडाओरडा चालू असताना कुणीतरी एक मूठ वर करायचं आणि सगळं बंद. मशिनं बंद, रडणं बंद, थंडीत तोंडातून वाफा तेवढ्या निघतायत. मग एक जण ढिगाऱ्यातल्या फटीपाशी तोंड नेऊन ओरडायचा. आमच्याकडे टीव्हीसमोर बाबा बसलेले, ते तेव्हा होते, त्यांना तुर्कीचं अक्षर येत नव्हतं, पण म्हणाले, "तो विचारतोय आत कोण आहे का." किल्लारीच्या वेळी, १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर पहाटे घरं पडली तेव्हा ते मदतीचं सामान घेऊन तिकडे गेले होते. तिथे काय बघितलं ते त्यांनी आम्हाला कधी धड सांगितलं नाही. 'काही राहिलं नव्हतं', एवढंच. तेही आजीच्याच तालमीत वाढलेले.

वर्गात होजामना विचारलं की त्या हाकेत व्याकरण काय आहे, तर त्यांनी फळ्यावर फोड करून दाखवली, दुयान म्हणजे ऐकणारा, सोपं आहे, मग खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या हे वाक्य मी उदाहरण म्हणून देत नाही. दुसरं उदाहरण घ्या. चाय इचेन वार मी? चहा पिणारं कुणी आहे का? सगळ्यांनी हात वर केले आणि सुट्टी झाली.

या दोन शब्दांचा संसार मोठा आहे आणि त्यात हसायच्या जागाही भरपूर आहेत, नाहीतर मी कधीच शिकणं सोडलं असतं. भेटल्यावर कसं काय विचारायचं तर ने वार ने योक, काय आहे काय नाही. विश्वास बसत नाही म्हणायचं तर योक आर्तक, म्हणजे आपलं 'काय सांगतेस!' एखाद्या दुकानात सगळं मिळतं हे सांगायचं तर योक योक. नाही असं काही नाही. आमच्या बक्कालच्या काचेवर हेच लिहिलेलं आहे, मोठ्या लाल अक्षरांत, आणि आत कोथिंबीर नाही! श्रीमंत तो वारलक्ली, गरीब तो योकसुल, आणि हे कळल्यावर मला 'आहे रे' आणि 'नाही रे' वर्ग आठवला, आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणातला. वारलक म्हणजे असणं आणि वारलक म्हणजेच संपत्ती. १९४२ च्या नोव्हेंबरात सरकारने वारलकवर कर लावला, वारलक वेर्गिसी, आणि तो मुख्यतः ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व्यापाऱ्यांवर इतका अफाट लावला की पंधरा दिवसांत भरणं शक्यच नव्हतं. दुकानं, घरं, गालिचे, पियानो लिलावात गेले, ज्यांना तरीही भरता आला नाही त्यांना पूर्वेला आश्कालेला मजुरीसाठी धाडलं, आणि मार्च १९४४ मध्ये तो कर रद्द झाला. बेयोलूच्या गल्ल्यांत जुन्या वस्तूंच्या दुकानांसमोरून जाताना मला हे हटकून आठवतं. सगळं किडुकमिडुक विकावं लागलं याला तुर्कीत म्हणतात वारनी योऊनु सात्ती. शब्दाला शब्द लावला तर आपलं 'होतं नव्हतं ते विकलं'. होतं ते विकलं हे समजतं, नव्हतं ते कसं विकलं? पण दोन्ही भाषांना ते विकावंसं वाटलं.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र गोष्टीतलं. आपल्याकडे आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, खणखणीत होता. इथे पोरांना गोष्ट सांगायला बसलं की पहिलं वाक्य बिर वारमिश, बिर योकमुश. एकदा होतं म्हणे, एकदा नव्हतं म्हणे. तो शेवटचा मिश-मुश म्हणजे आपला 'म्हणे', मी बघितलेलं नाही, ऐकीव आहे, माझ्या नावावर खपवू नका. पुढे उंट दवंडी पिटत होते, पिसवा न्हाव्याचं काम करत होत्या आणि मी माझ्या आईचा पाळणा हलवत होतो असलं काहीबाही येतं आणि पोरं खिदळतात. आमच्या वरच्या मजल्यावरची आजीबाई नातवाला सांगताना हे इतक्या भरभर म्हणते की एकच लांब शब्द वाटतो. तिला एकदा मी विचारलं की पोराला पहिल्याच वाक्यात 'नव्हतं म्हणे' का सांगायचं, बिचारं गोष्ट ऐकायला बसलंय. माझं तुर्की आणि तिचा कमी ऐकू येणारा कान यामुळे प्रश्न पोचलाच नाही बहुतेक. तिनं खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली वर ओढली, खालच्या दुकानातून आलेला पाव काढला, आणि अर्धा मोडून माझ्या हातात दिला, तुझ्या घरी योक असेल म्हणून. होता खरं तर. मी घेतला.

आमचा पुढचा धडा भविष्यकाळाचा आहे. वारला भूतकाळ जोडता येतो, वारदी, योकतू, 'जर' जोडता येतं, 'म्हणे' जोडता येतं, पण भविष्यकाळ जोडता येत नाही, असेल म्हणायला वेगळंच क्रियापद घ्यावं लागतं, त्याची मला आत्तापासून धास्ती आहे. काल रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हलबच्या मुलीनं विचारलं, उद्या वर्ग वार मी, सुट्टी आहे ना. होजामचं उत्तर आलं, यारन देर्स योक. धडाधड टाळ्या, फुगे, नाचणारी अस्वलं, स्पॅनिश मुलाने तर चहाच्या ग्लासांची रांगच लावली. मिनिटभराने त्यांचा दुसरा मेसेज.

आमा ओदेव वार. गृहपाठ आहे.